अंगवळणी पडलेली जखम

तपासणीच्या खोलीत आलेला माणूस खुर्चीत कसा बसतो, हे मी आधी पाहतो. काही वर्षांपूर्वी कल्याणचे एक रिक्षाचालक आले, ते सगळा भार उजव्या अंगावर टाकून, टेबलाची कड धरून तिरके टेकले. "मूळव्याध आहे, साहेब," म्हणाले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीने मान हलवली. "मूळव्याध नाही हो. वर आहे, माकडहाडापाशी. मीच रोज पट्टी करते." किती दिवसांपासून, असे विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी हिशेब लेकीच्या वयावरून लागला. ती पहिलीत होती तेव्हा पहिले गळू फुटले होते. आता ती नोकरीला लागली होती. म्हणजे सतरा-अठरा वर्षे झाली.

सतरा-अठरा वर्षे हा माणूस दिवसाचे दहा-बारा तास रिक्षात, एका बाजूला टॉवेलची घडी सरकवून तिरका बसत आला होता. जखम वाहायची, सुकायची, पावसाळा आला की पुन्हा वाहायची. दोनदा ती कापूनही झाली होती. त्या दोन्ही वेळचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेले होते. औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, रक्ताचे रिपोर्ट होते, बिले होती. कापून काढलेला तुकडा तपासायला गेल्याचा कागद मात्र त्यात कुठेच नव्हता.

ही पुस्तिका त्या नसलेल्या कागदासाठी लिहिली आहे.

वैद्यकीय भाषेत या आजाराला पायलोनायडल सायनस म्हणतात. लॅटिनमध्ये पायलस म्हणजे केस आणि नायडस म्हणजे घरटे. लंडनच्या हर्बर्ट मेयो यांनी १८३३ साली केसांनी भरलेल्या अशा पोकळीचे वर्णन केले आणि १८८० मध्ये बॉस्टनच्या हॉजेस यांनी तिला हे नाव दिले. पण मराठी घरांत याच्याशी नाते सांगणारा शब्द फार आधीपासून आहे: केसतूड. केस तुटून किंवा आतल्या आत वाढून जे गळू उठते ते केसतूड, हे आपल्या आज्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. माकडहाडावरच्या खाचेत होणारा हा आजार म्हणजे एका अवघड जागी झालेले, पुन्हा पुन्हा भरणारे केसतूडच आहे, असे मी रुग्णांना सांगतो. तेवढ्याने त्यांच्या मनातली निम्मी भीती जाते.

केस कातडीत शिरतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यानंतर माळावरून चालले की कपड्यांना कुसळे लागतात. कुसळ एकाच दिशेने सरकते. जितके घासाल तितके ते आत जाते, मागे येत नाही. केसाच्या अंगावरही असेच बारीक, एकाच दिशेला झुकलेले खवले असतात. दोन कुल्ल्यांमधल्या खाचेत घाम, उष्णता आणि घर्षण यांमुळे कातडी मऊ पडते, तिथल्या छिद्रांतून सुटा केस आत ढकलला जातो आणि हालचालीबरोबर खोल जात राहतो. शरीराच्या दृष्टीने तो परका असतो. त्याला बाहेर काढण्यासाठी शरीर पू तयार करते आणि त्या पुवाला वाट हवी म्हणून एक नळी तयार होते. ही नळी बहुधा वरच्या अंगाला, मध्यरेषेच्या जरा बाजूला तोंड उघडते. शस्त्रक्रियेच्या वेळी चिमट्याने त्या पोकळीतून केसांचा ओला पुंजका बाहेर येतो, तेव्हा कित्येकदा दिसते की आतले केस त्या जागचे नाहीतच.

हा जन्मजात दोष असावा असे बराच काळ मानले जात होते. १९४० च्या दशकात लंडनच्या पेटी आणि स्कार्फ या दोघांनी हा आजार नंतर जडतो, असे ठामपणे मांडले. त्यांचा एक पुरावा न्हाव्यांच्या हातांचा होता. गिऱ्हाइकांचे कापलेले केस बोटांच्या बेचक्यात रुतून न्हाव्यांना तिथे अगदी असाच आजार होतो. बोटांच्या बेचक्यात जन्मजात केसाळ पोकळी असण्याचे काही कारण नाही. अलीकडे, २०१८ मध्ये, जर्मन संशोधकांनी या घरट्यांतले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत डोक्यावरून गळलेले, मूळ नसलेले, टोकदार कापलेले बारीक तुकडे मोठ्या संख्येने सापडले. आपल्याकडे केस कापून आलेल्या माणसाला अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावू देत नाहीत. त्या रूढीमागचे मूळ कारण काहीही असो, पाठीवरून घरंगळणारे हे तुकडे धुऊन टाकण्याची सवय या आजाराच्या दृष्टीने हिताचीच आहे.

दुसऱ्या महायुद्धात या आजाराने अमेरिकी सैन्याला हैराण केले होते. १९४१ ते १९४५ या काळात पाऊण लाखाहून अधिक सैनिक यासाठी रुग्णालयात दाखल झाले. खडबडीत रस्त्यांवर जीपमध्ये तासन्‌तास बसल्यामुळे हे होते असे वाटून १९४४ मध्ये बुई या सर्जननी त्याला 'जीपचा आजार' म्हटले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या लोकांना हे चित्र परके वाटू नये. आपल्याकडे जीप नाही, पण शिळफाट्याच्या रस्त्यावर दिवसभर धक्के खाणारी रिक्षा आहे. सकाळच्या क्लासपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत बाकावर चिकटलेली मुले आहेत. संगणकापुढे दहा तास बसून मग लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या अंगाने टेकून डोंबिवली गाठणारा नोकरदार आहे. वर्षाचे बरेच महिने घाम सुकू न देणारी खाडीकाठची हवा आहे. नुसत्या बसण्याने हा आजार होत नाही. त्याला सुटे केस लागतात, खोल खाच लागते. पण बसणे आणि घाम त्याला खतपाणी घालतात. बहुतेक रुग्ण पंधरा ते तीस वयाचे असतात आणि त्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा बरेच जास्त असते.

म्हणजे हा आजार सुरू होतो ऐन उमेदीच्या, आणि ऐन लाजण्याच्या वयात. 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण उगाच पडलेली नाही. दहावी-बारावीतला मुलगा आईला सांगत नाही. नवी सून सासूला सांगत नाही. सांगितलेच तर 'उष्णतेचं गळू असेल' म्हणून पोटीस बांधले जाते, ते फुटते, ठणका थांबतो आणि आजार बरा झाल्यासारखा वाटतो. स्टेशनबाहेर आणि लोकलच्या डब्यात मूळव्याध-भगंदरावर हमखास इलाजाच्या जाहिराती असतात. माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी तिकडे जातो. मग वर्षे जातात.

या आजारात आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी आहे. ही जखम ज्याची असते, त्याला ती कधीच दिसत नाही. हातावरचा व्रण बदलला तर माणसाच्या लक्षात येते. इथे आरसा धरूनही नीट दिसत नाही. रुग्णाला कळतो तो फक्त ओलावा, वास आणि ठणका. त्या तिघांची सवय झाली की जखम अंगवळणी पडते. अंगवळणी पडलेल्या गोष्टीकडे कोणी पुन्हा नव्याने पाहत नाही.

जुन्या, वाहत्या, नळीसारख्या जखमांचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. सुश्रुतांनी अशा व्रणाला नाडीव्रण म्हटले, कारण त्यातून नळीतून वाहावा तसा पू वाहतो. एषणीने म्हणजे सळईने त्याचा मार्ग शोधावा, आणि रुग्ण कृश, दुबळा किंवा शस्त्राला भिणारा असेल, अथवा जागा मर्माची असेल, तर क्षारसूत्र म्हणजे क्षार लावलेला दोरा वापरावा, असे त्यांनी सांगितले आहे. गेल्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात या क्षारसूत्राला पुन्हा उजाळा मिळाला आणि आज कल्याण-डोंबिवलीतले अनेक वैद्य ते वापरतात. कोणत्याही पद्धतीचा उपचार घेणाऱ्या रुग्णाला माझे सांगणे एकच आहे. उपचार कोणताही असो, बरी न होणारी जुनी जखम तपासल्याशिवाय पुढे चालवू नये.

इथे या पुस्तिकेच्या मुख्य विषयाशी आपण येऊन पोहोचतो. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या या नासुरात क्वचित कर्करोग होतो. त्याची पहिली नोंद वुल्फ यांनी १९०० मध्ये केली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले असे रुग्ण शे-दीडशेच्या घरातच आहेत. हे प्रमाण साधारणपणे हजारात एक किंवा त्याहूनही कमी मानले जाते. तरुणपणी एकदा गळू झाले आणि बरे झाले, अशा कुणीही या वाक्याने रात्रीची झोप घालवू नये. कर्करोग होतो तो प्रामुख्याने पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांना, आणि तोही ज्यांची जखम सरासरी वीस वर्षांहून अधिक काळ वाहत राहिली आहे अशांना.

जुनी जखम कर्करोगात बदलते, ही गोष्ट फक्त या आजारापुरती नाही. १८२८ मध्ये पॅरिसच्या मार्जोलिन यांनी जुन्या व्रणांवर उठणाऱ्या वेड्यावाकड्या वाढीचे वर्णन केले. ती वाढ कर्करोगाची असते हे पुढे उमगले आणि अशा व्रणाला त्यांचे नाव मिळाले. काश्मीरमध्ये थंडीत फिरन या सैल झग्याखाली कांगडी म्हणजे निखाऱ्यांची शेगडी धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद १८६६ सालची आहे. पण या सगळ्यांत आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईचे आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झाले. तिथल्या विकृतीशास्त्र विभागाची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. पुढे ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. रोजच्या राहणीतल्या सवयींमुळे होणारे कर्करोग, असा त्याचा विषय होता. त्यांतला एक 'धोतराचा कर्करोग' म्हणून जगभर ओळखला जातो. कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराचा काच पडतो. कातडी काळवंडते, जाड होते, खपली धरते, चिघळते, आणि दशकांनंतर क्वचित तिथे कर्करोग होतो. पुढे साडीच्या परकराच्या नाडीखालीही असेच रुग्ण आढळले. काच हा आपल्याकडे इतका रोजचा शब्द आहे की त्याखाली असे काही दडलेले असेल, याची शंकाही कुणाला येत नाही. खानोलकरांनी त्या रोजच्या काचाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. माकडहाडावरच्या नासुराबद्दल हीच नजर आपल्याला हवी आहे.

असे का होत असावे? जखम भरताना कातडीच्या पेशी वेगाने विभागतात. काही दिवसांत जखम भरली की हे काम थांबते. नासुरात ते थांबतच नाही. केस आत असतात, जंतू येत-जात राहतात आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात, ती शेजारच्या निरोगी पेशींच्या जनुकांवरही आघात करतात. एकदा झालेला आघात शरीर दुरुस्त करते. पण तोच आघात वीस वर्षे रोज होत राहिला तर कधीतरी दुरुस्तीत चूक राहते, आणि ती चूक घेऊन एखादी पेशी वाढत जाते. त्यात जुना व्रण म्हणजे नुसता वण, त्यात रक्तवाहिन्या कमी असतात, शरीराच्या पहारेकरी पेशी तिथे नीट पोहोचत नाहीत. नासुरात होणारा कर्करोग बहुतेक वेळा कातडीच्या वरच्या थराचा, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा असतो. तो बहुधा सावकाश वाढतो. आधी तो आजूबाजूला आणि खोल पसरतो, मग जांघेतल्या गाठींपर्यंत जातो. हे सावकाशपणच आपल्या हातातली संधी आहे.

आता थोडा हिशेब करू. नॉर्वेत केलेल्या एका पाहणीत दर लाख लोकांमागे वर्षाला २६ जणांना हा आजार होतो असे आढळले. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहरात सुमारे १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे १२.५ लाख लोक मोजले गेले. नॉर्वेचा दर इथे तसाच लागू पडेल असे नाही, पण अंदाजासाठी तो धरला तर या शहरांत वर्षाला आठशेच्या आसपास नवे रुग्ण येतात. त्यांतल्या हजारात एकाला पुढे कर्करोग होणार असेल, तर तो वर्षाला एकही भरत नाही. म्हणजे इथल्या बहुतेक सर्जनांची सगळी कारकीर्द असा एकही रुग्ण न पाहता संपू शकते. म्हणूनच तो निसटतो. जे कधी पाहिलेले नाही त्याची शंका येत नाही आणि शंका आली नाही की तुकडा तपासायला जात नाही.

मी हे कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. उमेदवारीच्या वर्षांत मीही अशी छोटी गळवे कापली आणि खरवडून निघालेला ऊतीचा चोथा पिवळ्या पिशवीत टाकला. रुग्णाच्या खिशाचा विचार होता, वेळेची घाई होती, आणि 'यात काय निघणार' हा विश्वास होता. आज मी तसे करत नाही. फॉर्मालिनची एक लहान बाटली, तिच्यावर नाव, वय आणि जागा लिहिलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एक जास्तीची ओळ: जखम किती वर्षांची आहे. ही ओळ वाचली की पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्याकडे वेगळ्या काळजीने पाहतो. आपल्या शहरांतल्या लहान रुग्णालयांत ही बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्या हाती दिली जाते. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. ती बाटली लॅबमध्ये पोहोचवा, रिपोर्ट आणा आणि तो औषधांच्या चिठ्ठ्यांपेक्षा जपून ठेवा.

शंका कधी घ्यावी? जुन्या नासुराची कड कडक, उंच, दोरीसारखी लागू लागली. पुवाऐवजी पट्टीला वारंवार रक्त लागू लागले. जखमेतून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस वर येऊ लागले. वर्षानुवर्षे तेवढीच असलेली जागा काही महिन्यांत पसरली. वास बदलला. दुखण्याची जात बदलली, म्हणजे गळू फुटल्यावर थांबणारा ठणका आता थांबेनासा झाला. जांघेत गाठ आली, जिला जुनी माणसे अवधाण म्हणतात. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट पाहू नये. जागा बधिर करून कडेच्या तीन-चार ठिकाणांहून छोटे तुकडे घेतले जातात. एकाच जागेचा तुकडा फसवू शकतो, कारण सगळी जखम एकसारखी बदललेली नसते. आणि शंका नसली तरीही, कापून काढलेला पूर्ण भाग तपासला गेलाच पाहिजे, कारण कित्येकदा हा कर्करोग शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्येच पहिल्यांदा उघड होतो.

निदान पक्के झाले तर उपचाराचा गाभा शस्त्रक्रिया हाच आहे. त्याआधी एमआरआय करून वाढ किती खोल गेली आहे, माकडहाडाला किंवा त्रिकास्थीला लागली आहे का, गुदद्वाराच्या स्नायूंपासून किती दूर आहे, हे पाहतात. जांघेतल्या गाठी तपासतात, संशय असेल तर सुईने त्यांतल्या पेशी काढून बघतात. छाती-पोटाचा स्कॅन होतो. मग सगळा रोगट भाग, भोवतालच्या निरोगी कातडीची पट्टी आणि खालची चरबी यांसह, हाडावरच्या आवरणापर्यंत एकसंध काढला जातो. गरज पडली तर माकडहाड आणि त्रिकास्थीचा खालचा भागही काढावा लागतो. उरलेला खड्डा मोठा असतो. तो भरण्यासाठी कुल्ल्यावरची कातडी आणि मांस वळवून आणतात, त्याला फ्लॅप म्हणतात. घाई करून कडा जेमतेम काढल्या तर रोग त्याच जागी परत येतो.

रोग परत येण्याचे प्रमाण या कर्करोगात जास्त आहे, तीन रुग्णांत एकाला किंवा त्याहून अधिक. साठेक रुग्णांच्या एका आढाव्यात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार दिल्यावर हे प्रमाण ४४ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. रुग्णसंख्या लहान असल्याने या आकड्यांना अखेरचा शब्द मानू नये, पण कडा काठावर असतील, वाढ खोल असेल, तर किरणोपचारांचा विचार केला जातो. गाठींत रोग पोहोचला असेल तर जांघेची शस्त्रक्रिया करतात. केमोथेरपी पसरलेल्या रोगात देतात, आणि गेल्या काही वर्षांत कातडीच्या अशा प्रगत कर्करोगांसाठी इम्युनोथेरपीची औषधेही आली आहेत. बरे झालेल्या रुग्णाने निदान पाच वर्षे, त्यातही पहिली दोन-तीन वर्षे अगदी नेमाने तपासणीला येत राहणे हा उपचाराचाच भाग आहे.

पण खरा उपचार याच्या कितीतरी आधी सुरू होतो: नासूर वीस वर्षांचा होऊच द्यायचा नाही. गळू आले तर मध्यरेषा टाळून बाजूने चीर द्यावी. वारंवार होत असेल तर कायमचा इलाज करावा. ग्रीसच्या सैन्यातले सर्जन कारिदाकिस यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आणि रशियाच्या लिम्बर्ग यांच्या चौकोनी फ्लॅपची पद्धत यांच्यामागचा विचार एकच आहे. टाके खाचेच्या तळाशी पडू द्यायचे नाहीत आणि खाच उथळ करायची, म्हणजे केस रुतायला जागाच उरत नाही. आजार मर्यादित असेल तर छिद्रे तेवढी काढण्याची बास्कम यांची पद्धत आहे, दुर्बिणीने नळी साफ करण्याची पद्धत आहे, लेसर आहे. कोणाला काय योग्य, हे जखम पाहूनच ठरते. पुढच्या पानांत प्रत्येक पद्धतीचे फायदे, त्रास आणि बरे होण्याचा काळ सविस्तर दिला आहे.

कुठे जावे, हाही प्रश्न आमच्या भागात खरा आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये आहेत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. कर्करोगाचे निदान झाले तर परळचे टाटा रुग्णालय लोकलच्या एका प्रवासावर आहे. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून मध्य रेल्वेची ही वाट आमच्या माणसांना रोजगाराकडे नेते. गरज पडली तर तीच वाट उपचाराकडेही नेते. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपीला लागू आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र बरोबर असू द्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

ही पुस्तिका तिघांसाठी आहे. पहिला, तो तरुण जो कुणाला सांगत नाही. त्याने पहिली दोन प्रकरणे एकट्याने वाचावीत आणि मग कुणाला तरी सांगावे. दुसरा, आमचा फॅमिली डॉक्टर. चाळीतला, सोसायटीतला, पहिला हात त्याचाच लागतो आणि 'किती वर्षे झाली' हा प्रश्न त्यानेच विचारला पाहिजे. आणि तिसरी व्यक्ती, जिचा विचार वैद्यकीय पुस्तके सहसा करत नाहीत, ती म्हणजे घरात पट्टी बदलणारी. बायको, आई, कधी बहीण, कधी मुलगा. जखम ज्याची आहे त्याला ती दिसत नाही, हे मी आधी म्हटलेच आहे. ती दिसते फक्त यांना. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तारखेसह जपून ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की जे रोजच्या पाहण्यात हरवते ते दिसू लागते.

कल्याणच्या त्या रिक्षाचालकांना माझ्याकडे आणले ते त्यांच्या पत्नीने. "महिनाभर झाला, खालची कड हाताला कडक लागते," ती म्हणाली होती. "आणि पट्टीवर पू कमी, रक्त जास्त." हे त्यांना स्वतःला माहीत नव्हते. मी हातमोजे घालून बोट लावले तर ती अगदी बरोबर सांगत होती. चार ठिकाणांहून तुकडे घेतले. रिपोर्टला आठवडा लागला. त्या आठवड्यात तिने दोनदा फोन करून विचारले. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता, फक्त वर्षानुवर्षांचा दाह आणि वण होता. मग सगळी जुनी नळी, केसांचा पुंजका आणि वण एकसंध काढून फ्लॅप वळवला. काढलेला सगळा भाग पुन्हा तपासायला पाठवला, आणि तोही स्वच्छ निघाला. जखम भरली.

तपासणी करून काही निघाले नाही, म्हणजे ती वाया गेली, असे कुणाला वाटू नये. ज्या कागदासाठी ही पुस्तिका लिहिली तो कागद आता त्यांच्या पिशवीत आहे, आणि तो पाहून पुढे कुठल्याही डॉक्टरला त्यांची अठरा वर्षे एका ओळीत कळतील. काही महिन्यांनी ते दाखवायला आले, तेव्हा मी खुर्ची पुढे केली. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ, भरभक्कम बसले. त्यांची पत्नी त्यांच्या बसण्याकडे पाहत उभी होती. तिच्या बोटांना ती कडक कड लागली नसती, तर हे दोघे माझ्याकडे कधी आले असते, कोण जाणे. ही पुस्तिका मी तिला आणि तिच्यासारख्या पट्टी बदलणाऱ्या सगळ्या हातांना कृतज्ञतेने सादर करतो.

डोंबिवली